गुरुवारकाकू

भिंतीला लावलेली खुर्ची काकूंना बघवत नसे. कुणाच्याही घरी गेल्या, की बसण्याआधी त्या खुर्ची उचलून हातभर पुढे आणायच्या आणि मगच बसायच्या. घरातली बाई संकोचून म्हणायची, "राहू द्या हो, मी सरकवते," तर काकू म्हणायच्या, "सरकवतेस ना? मग ती पण सरकव. आणि ती पलीकडची पण." चहा येईपर्यंत त्या घराची बैठक पार बदललेली असे, आणि एरवी एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बायका गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते सिंगापुरातल्या पुंगोलला, त्यांच्या नातीच्या बारशाला. आम्ही नवव्या मजल्यावर राहायचो, त्यांचा मुलगा निरंजन आणि सून श्वेता चौथ्या. तेव्हाचं पुंगोल म्हणजे नवे कोरे ब्लॉक, मधे ओसाड जमीन आणि तिच्यावरून गोल फिरणारी एलआरटी नावाची छोटी, रिकामी रेल्वे. ब्लॉकमध्ये सगळी तरुण जोडपी. लिफ्टमध्ये एका वेळी दोन प्रॅम मावत नसत, यावरून भांडणं व्हायची. बारशाला इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच बायका आल्या होत्या आणि सगळ्या भिंतीलगतच्या खुर्च्यांवर, मांडीवर पर्स घेऊन, समोरच्या पाळण्याकडे बघत बसल्या होत्या. स्वयंपाकघरातून एक उंच, सावळी, आखूड केसांची बाई हात पुसत बाहेर आली. तिने एकदा सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे देवा, हा काय दवाखाना आहे? उठा, उठा."

आम्ही उठलो. तिने खुर्च्या ओढल्या.

"आमच्याकडे भिंतीला खुर्ची ठेवत नाहीत," ती म्हणाली. "भिंतीला टेकलेलं माणूस उठत नाही."

"तुमच्याकडे म्हणजे वेंगुर्ल्याला का?" कोणीतरी विचारलं.

"नाही गं. माझ्या बारमध्ये."

निरंजन लगबगीने पुढे आला. "आईचं काजूचं काम आहे तिकडे ब्राझीलला," त्याने सांगितलं.

"काजू होते. ते कधीच संपले," काकू म्हणाल्या. "आता बार आहे. समुद्रावर. नाचायला पण जागा आहे."

मुंबईतल्या डान्स बारवर बंदी आली होती तो काळ. सिंगापुरातही प्रत्येक मराठी घरात त्यावर चर्चा चालायची, आणि ती चर्चा मुलं खोलीत आली की थांबायची. तशीच ती बैठक थांबली. एकीने पर्स पुन्हा मांडीवर घेतली. निरंजन पाळण्याच्या दोरीकडे बघत राहिला. मी पेशाने अकाउंटंट. अर्धवट माहितीवर गप्प बसायची मला सवय नाही. मी विचारलं, "किती टेबलं आहेत?"

काकूंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "वाळूवरची धरून, की आतली फक्त?"

आमची ओळख झाली ती अशी.

काका वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा नावाच्या शहरातल्या एका कारखान्याने त्यांना बोलावून घेतलं. समुद्र, माड, काजू, खारा वारा. "मला वाटलं, विमान चुकून परत वेंगुर्ल्यालाच उतरवलंय," काकू म्हणायच्या. निरंजनला दहाव्या वर्षी मामाकडे पुण्याला पाठवलं, कारण पोर्तुगीज शाळेत शिकून पुढे काय, असा त्या वेळी प्रश्न पडला. तो इंजिनियरिंगला असताना काका गेले. काकू तेव्हा घरी काजू भाजून, मीठ-मिरपूड लावून समुद्रावरच्या बारना पुरवायच्या. त्यातल्याच एका बारची म्हातारी मालकीण थकली होती. तिने काकूंना विचारलं, चालवशील का. काकूंनी तिथल्या तिथे हो म्हटलं. निरंजन पुण्याला आल्यापासून एकदाच तिकडे गेला होता, वडिलांच्या दिवसांना. बार चालू झाल्यावर गेला नाही. त्याच्या मनात आईचं घर होतं तिथे अजून काजू वाळत होते.

काकू नातीच्या जन्मासाठी म्हणून आल्या होत्या. डिसेंबरच्या आत परत जायचं होतं, कारण डिसेंबरात तिकडे उन्हाळा, शाळांना सुट्ट्या आणि समुद्रावर गर्दी. बार सध्या सोकोहू नावाची त्यांची मदतनीस सांभाळत होती. "सोकोहू चांगली आहे," काकू म्हणायच्या, "पण ती लोकांना नाही म्हणू शकत नाही. बार चालवायचा तर नाही म्हणता आलं पाहिजे. आणि गिऱ्हाईक समुद्रावरचं असतं. एका हंगामात शेजारच्या छपराखाली गेलं की गेलं."

संध्याकाळी मी ऑफिसातून आले की आम्ही दोघी प्रॅम घेऊन चालायला निघायचो. पुंगोलमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या फोर्तालेझा दाखवायच्या. त्या शहरात रोजच्या रात्रीचं वेगळं खातं असतं, असं त्यांनी मला सांगितलं. सोमवारी परदेशी पाहुणे मोठ्या क्लबांत जातात. तिथे फिरते दिवे, स्टेजवर नाचणारी मंडळी आणि दारात रांग. काकू आणि सोकोहू अधूनमधून तिथे मुद्दाम जाऊन यायच्या. "दुसऱ्याचं दुकान बघावं लागतं. त्यांच्याकडे दिवे फार आणि नाच कमी." जुन्या लोखंडी पुलाजवळच्या गल्लीत बारच बार, तिथे प्रवासी आणि प्रवाशांची वाट बघणाऱ्या बायका. आणि गुरुवार कुर्ल्यांचा. खेकड्यांना काकू शेवटपर्यंत कुर्ल्याच म्हणत. गुरुवारी संध्याकाळी अख्खं शहर समुद्रावर खेकडे खायला येतं. डॉक्टर, टॅक्सीवाले, शिक्षिका, आज्या. प्रत्येक टेबलावर लाकडी पाट आणि छोटी लाकडी हातोडी. नारळाचं दूध, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घातलेल्या रश्शात शिजवलेले अख्खे खेकडे, बरोबर बिअर किंवा उसाच्या दारूत लिंबू-साखर.

"एक कुर्ली नीट खायची तर अर्धा तास जातो," काकू सांगायच्या. "तेवढा वेळ माणूस शेजारच्याशी बोलतो. जड जेवण देऊन बघ, लोक घरी जाऊन झोपतील."

खेकडे आटपत आले की काकूंचा मुख्य उद्योग सुरू व्हायचा. झावळ्यांच्या छपराखाली सिमेंटचा कोबा होता. त्यावरची वाळू झाडून, पाणी मारून, पुन्हा झाडून घ्यायची. तिघे वादक येऊन उभे राहायचे. एकाकडे आपल्या पेटीच्या भावकीतला अ‍ॅकॉर्डियन, एकाकडे पोटाला बांधलेला ढोल, एकाकडे लोखंडी त्रिकोण. या नाचाला तिकडे फोहो म्हणतात. जोडीने, जवळ उभं राहून नाचायचा. म्हाताऱ्या मालकिणीने घालून दिलेली एक रीत काकूंनी कधी मोडली नाही. पहिलं गाणं मालकाचं. मालकाने बैठकीतलं एक माणूस उठवायचं आणि कोबा सुरू करून द्यायचा. तोपर्यंत दुसरं कोणी उठत नाही आणि वादकही तेच गाणं फिरवत राहतात, दुसरं घेत नाहीत.

"कुणाला उठवता?" मी विचारलं.

"जो एकटा आलाय. नाहीतर जो निघायच्या बेतात आहे."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"नाही म्हणायची सोय नसते. एका गाण्याने कुणी मरत नाही, मेधा."

नाही म्हणायचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता आणि तो त्या वापरत. बापाच्या वयाचा परदेशी पाहुणा आणि बरोबर पोरवयाची मुलगी, अशी जोडी आली की काकू त्याला टेबल देत नसत. मुलीला म्हणायच्या, आत ये, कुर्ल्या गरम आहेत. सोकोहूची भाची तिच्याजवळ बसायची. पाहुण्यासाठी काकू टॅक्सी बोलवायच्या आणि ती येईपर्यंत स्वतः त्याच्या शेजारी उभ्या राहायच्या. एकदा एक जण आरडाओरडा करून पोलिसांना बोलावतो म्हणाला. काकू म्हणाल्या, मी मघाशीच बोलावलेत. तो पायी गेला.

त्यांना सिंगापूरची रात्र दाखवावी म्हणून मी आणि माझा नवरा सुधीर त्यांना नदीकाठच्या बारांच्या रांगेत घेऊन गेलो. दिवेलागणीची वेळ होती, गर्दी नुकती जमत होती. आत शिरताच काकू बायकांच्या संडासात गेल्या. बऱ्याच वेळाने येऊन समाधानाने म्हणाल्या, "कडी नीट लागते. जागा चांगली आहे." मग त्यांनी भिंतीलगतचं स्टूल ओढलं. तिथली वेट्रेस धावत आली. "आंटी, कॅनॉट, फायर लेन लाह." आगीच्या वेळी पळायची वाट अडवू नका, असं तिचं म्हणणं. काकूंनी स्टूल आणखी थोडं पुढे ओढलं आणि हाताने मधली वाट मोजून दाखवली. "नाउ कॅन," त्या म्हणाल्या. मुलगी हसली आणि निघून गेली. ऑफिसचे शर्ट घातलेली पोरं-पोरी गोल करून, हातात ग्लास धरून डोलत होती. काकू पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

"एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात फोन," त्या म्हणाल्या. "मग माणसाला हात कुठला देणार?"

सुधीर म्हणाला, "काकू, इथे असंच असतं."

"असू दे. शिकतील."

निरंजनला हे सगळं नको होतं. तो वाईट मुलगा नव्हता. आईला त्याने बाल्कनीच्या बाजूची चांगली खोली दिली होती, तिला इथे राहता यावं म्हणून लाँग टर्म पासची चौकशी चालवली होती. फक्त बार हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असताना विषय निघालाच.

"आई, आता पुरे झालं," निरंजन म्हणाला. "साठी ओलांडलीस. सोकोहूला देऊन टाक तो धंदा आणि इथे राहा."

"बार म्हण. म्हणून बघ, जीभ भाजत नाही."

"लोक काय काय बोलतात, तुला माहीत नाही."

"कोण लोक?"

"मंडळातले."

"त्यांना मी कधी विचारलं का, तुम्ही बँकेत दिवसभर काय करता? सांगितलं तरी मला कळणार नाही. तू इंजिनियर कुर्ल्यांवर झालास, बाबा. शेवटची दोन वर्षं तरी."

निरंजनने ताटातली भाजी एका कडेला सारली. श्वेता म्हणाली, "आई, अन्वीला तुमची इतकी सवय झालीय. माझी रजा संपत आली."

 काकूंनी नातीला श्वेताच्या हातातून घेतलं, खांद्यावर टाकलं, थोपटलं. मग म्हणाल्या, "तिला तुमची सवय होऊ दे. आजपासून आंघोळ निरंजन घालेल."

आणि त्यांनी ते करवून घेतलं. पहिले काही दिवस तो बाळापेक्षा जास्त भिजायचा. काकू दारात उभ्या राहून सूचना द्यायच्या, पण हात लावायच्या नाहीत. "मान धर. घाबरू नकोस, तिला कळतं. पायांकडे काय बघतोस, तिच्या तोंडाकडे बघ." श्वेताने मला इन्फंट केअर, म्हणजे तान्ह्या बाळांचं पाळणाघर, शोधायला सांगितलं. एलआरटीच्या दोन थांब्यांवर एक चांगलं निघालं. मी श्वेता आणि काकू दोघींना घेऊन गेले, नाव घातलं. काकूंनी तिथे आधी कुठली कडी लावून पाहिली असेल, ते सांगायला नको.

एका संध्याकाळी निरंजन वर आमच्याकडे आला. "मेधाताई, ती तुमचं ऐकते. तुम्ही सांगा तिला."

"काय सांगू?"

"की इथे राहा म्हणून. तिथे तिचं आहे कोण?"

"तू तिचा बार पाहिलायस?"

"नाही."

"मग ती काय सोडून येणार आहे, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही. मी कशाच्या आधारावर सांगू?"

तो चहा न घेता गेला. मी हे काकूंना सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. काकूंनी प्रॅम घराकडे वळवली. "तो काही तिकडे यायचा नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे इथेच दाखवायला हवा. तुमच्या ब्लॉकखालची ती मोकळी जागा मिळते का?"

व्हॉइड डेक म्हणजे ब्लॉकच्या तळमजल्यावरची खांबांमधली मोकळी जागा. तिथे लग्नं होतात, अंत्यविधीही होतात. अर्ज केला, परवानगी मिळाली. मंडळात निरोप गेला: येत्या गुरुवारी संध्याकाळी खेकडे आणि नाच, येताना प्रत्येकीने आपापलं लाटणं आणावं. लाकडी हातोड्या कुठून आणणार?

निरोप गेला आणि माझा फोन वाजायला लागला. मी खाली धावले. "काकू, गुरुवार आहे. निम्म्या घरांत गुरुवारी मासे-मटण चालत नाही. तुम्हाला आठवण कशी नाही राहिली?"

काकूंनी कपाळावर हात मारला. "माझ्या सासूबाईंचा पण गुरुवार होता गं. विसरूनच गेले मी."

"मग शनिवारी करू."

"छे. शनिवारी कोणीही नाचेल, सुट्टी असते. गुरुवारी नाचलं पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. ज्यांचा गुरुवार आहे त्यांना शेंगा उकडू."

तेव्हापासून मंडळात त्यांचं नाव गुरुवारकाकू पडलं. ठेवलं होतं ते चेष्टेने. काकूंना ते फार आवडलं.

खेकडे आणायला त्या तिसऱ्या मजल्यावरच्या अंकल लिमना घेऊन हौगांगच्या बाजारात गेल्या. अंकल निवृत्त होते आणि त्यांना जुनं पुंगोल आठवत होतं, जेट्टीजवळ खेकड्यांची हॉटेलं होती तेव्हाचं. "आंटी, लास्ट टाइम हियर ऑल क्रॅब," ते दर थोड्या वेळाने म्हणायचे, आणि काकू मराठीत उत्तर द्यायच्या, "हो ना, मग सोडलंत कशाला?" दोघांचं छान जमलं. मंडळाचं गणपतीतलं मोठं पातेलं मात्र खेकड्यांना मिळालं नाही. अंकलनी आपलं आणून दिलं.

किती लोक येतील, याची मला खात्री नव्हती. आले, पुष्कळ आले. काही नुसते बघायला आले, तेही लाटणं घेऊन. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या चोआ चू कांगहून एक जोडपं एमआरटी मेट्रोने एवढा वळसा घालून आलं, बाईच्या पर्समधून लाटणं डोकावत होतं. काकूंनी खुर्च्या खांबांपासून लांब, वाकड्यातिकड्या मांडल्या होत्या. खेकडे फुटायला लागले. ज्यांचा गुरुवार होता त्यांनी शेंगांवर लाटणी चालवली. शेंगेला लाटण्याची गरज नसते, पण मागे राहायला कोणी तयार नव्हतं. ज्या बाईने बारशाला पर्स मांडीवर ओढली होती, ती कोपरापर्यंत रस्सा माखून नांगी फोडत होती आणि नवऱ्याला सांगत होती, "तू गप्प बस, मी घरी बघते तुझं."

मग काकूंनी हात धुतले, पदर खोचला आणि सीडी लावली. श्वेताने पातेल्याच्या झाकणावर पळीने त्रिकोणाचा ठेका धरला. तो तिला काकूंनी आठवडाभर शिकवला होता. काकू सरळ निरंजनकडे गेल्या. तो एका खांबाला टेकून उभा होता, एकटा. काकूंनी हात पुढे केला.

"चल."

"आई, नको."

"एकच गाणं."

"आई, प्लीज. सगळे बघताहेत."

"बघायलाच बोलावलंय."

त्याने मान हलवली. अन्वीचं दूध वर राहिलं, असं काहीतरी पुटपुटला आणि लिफ्टकडे गेला. अन्वी खालीच होती, अंकल लिमच्या बायकोच्या मांडीवर, बाटली तोंडात. ते सगळ्यांनी पाहिलं. काकूंचा हात पुढे तसाच होता. त्यांनी तो मागे घेतला नाही, हे माझ्या लक्षात आहे. गाणं चालू होतं, श्वेताची पळी चालू होती आणि काकू वाट बघत होत्या.

मी लाटणं खाली ठेवलं आणि उठले. मी जन्मात नाचले नव्हते. पण कोणीतरी उठायला हवं होतं आणि मी जवळ होते.

"उजवा पाय," काकू म्हणाल्या. "मी नेते, तू ये. दोन तिकडे, दोन इकडे. एवढंच आहे." मी पायांकडे पाहिलं. त्यांनी माझी हनुवटी बोटाने वर केली. बोटाला नारळाच्या रश्शाचा वास होता. "खाली बघू नकोस. पाय कुठे जात नाहीत." गाण्याच्या अर्ध्यावर मला ते जमायला लागलं. आजूबाजूला लाटण्यांचे आवाज थांबले होते. काकूंच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. त्या फक्त मला नीट नेत होत्या, मधेच वळवत होत्या. त्यांचं हेच काम होतं आणि त्यात त्या तरबेज होत्या. गाणं संपलं. त्यांनी सीडीवरचं दुसरं गाणं लावलं आणि टाळी वाजवली. अंकल लिमनी बाळ श्वेताच्या ओटीत देऊन बायकोला उठवलं. मग सुधीर. मग इतर जण.

सगळे गेल्यावर पातेलं घासायला निरंजन खाली आला. काकूंनी साबण त्याच्याकडे सरकवला आणि दोघांनी ते अवाढव्य भांडं मिळून घासलं.

नोव्हेंबरात काकू फोर्तालेझाला परत गेल्या. ठरवलं होतं तसंच, दिवस न बदलता. चांगी विमानतळावर आम्ही सगळे सोडायला गेलो. अन्वीला तोवर इन्फंट केअरची सवय लागली होती आणि बापाच्या हातच्या आंघोळीची. निरंजन बॅगा चढवून परत आला आणि म्हणाला, "पोचल्यावर फोन कर. मी रोज करत जाईन."

"गुरुवारी रात्री करू नकोस," काकू म्हणाल्या. "उचलणार नाही."

मला त्या एवढंच म्हणाल्या, "तू तिकडे ये. तुझी वळायची सवय चुकीची आहे, सुधारून देते." जायचं म्हणून दर वर्षी म्हणत राहिले, तिकिटाचे दर बघत राहिले आणि गेले नाही. फोन मात्र नियमाने व्हायचा. तिकडचं सगळं कळायचं. छपराच्या झावळ्या बदलल्या. ढोलवाल्याचं लग्न झालं. सोकोहूने एका माणसाला पहिल्यांदाच नाही म्हटलं आणि नंतर आत जाऊन रडली. काकूंना तिचा अभिमान वाटला. इथे मंडळात दर वर्षी एका गुरुवारी लाटणी निघू लागली. कोणी ठरवलं नव्हतं, पण होत राहिलं. निरंजन यायचा, पातेलं उचलायला मदत करायचा आणि नाचाच्या वेळी वर जायचा.

चारेक वर्षांनी काकू गेल्या. दुपारी स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, त्रास न होता. फोन सोकोहूचा आला आणि निरंजनला पोर्तुगीज इतकं विसरायला झालं होतं, की तिचं रडणं त्याला आधी कळलं, शब्द नंतर. तो एकटाच गेला. आठवड्याभरात सगळं आटपून, बार सोकोहूच्या नावावर करून यायचं, असं त्याने मला जाताना सांगितलं. या वेळी बार म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी डबे भरत होते. तिकडे गुरुवारची रात्र. फोन वाजला. निरंजनच्या मागे वाऱ्याचा आवाज होता आणि अ‍ॅकॉर्डियन.

"मेधाताई," तो म्हणाला, "हे लोक थांबलेत."

"कोण?"

"सगळे. भरलंय सगळं. सोकोहू म्हणाली आज बंद नाही ठेवायचं, आई ओरडली असती. पण वाजवणारे केव्हापासून तेच ते गाणं वाजवताहेत आणि कोणी उठत नाहीये. ती म्हणते, अजून कागद झाले नाहीत, तोपर्यंत मालक तू." तो थांबला. "मेधाताई, पहिला पाय कुठला?"

मी गॅस बंद केला. फोन कानाला धरून ओट्यासमोर उभी राहिले आणि दुसरा हात पुढे केला, त्या गुरुवारी काकूंच्या खांद्यावर होता तसा. पाय आपोआप पडला.

"मी उजवा टाकायचे," मी म्हटलं. "म्हणजे तुझा डावा. दोन तिकडे, दोन इकडे. एवढंच आहे. कुणाला उठवणार आहेस?"

"एक आजी आहेत. एकट्याच आल्यात. पर्स उचललीय त्यांनी, निघतील आता."

"मग जा लवकर. आणि खाली बघू नकोस."

त्याने फोन बंद केला नाही, टेबलावर नुसता ठेवला असावा. मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अ‍ॅकॉर्डियन चालू होता, ढोल चालू होता, आणि तेच गाणं पुन्हा सुरुवातीपासून निघालं. ते संपेपर्यंत मी तशीच उभी होते. मग जरा वेळ काही नाही, फक्त वारा. मग त्यांनी दुसरं गाणं घेतलं आणि एकदम खूप पाय वाजायला लागले.

मी फोन ठेवला आणि राहिलेले डबे भरले.